अव्वाचे केस कोण विंचरणार

माझ्या केसांना हात लावणाऱ्या बहुतेक बायकांनी मला मारलेलं आहे. लक्ष्मम्मा आत्या फणीच्या पाठीनं टाळूवर हाणायची. वसतिगृहातल्या बाईंनी एकदा गुंता सुटेना म्हणून माझं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं होतं. नांदेडला शिक्षिकेची नोकरी लागली तेव्हा वाटलं, शहर आहे, इथं कुणीतरी जाणणारं असेल. बाजारातल्या एका पार्लरात गेले. तिथल्या बाईनं कोरड्या केसांत थेट मुळापासून कंगवा घातला, त्याचे दाते मोडले आणि ती माझ्यावरच चिडली.

"मॅडम, केस हायेत का काथ्या? उतरवून टाकू सगळं. डोक्याला बी आराम."

दुसऱ्या पार्लरात बाया तापलेल्या चिमट्यानं केस सरळ करू लागल्या. कानामागं असं पोळलं की आठवडाभर जखम वाहत होती. तिसऱ्या ठिकाणी ओल्या केसांवर कात्री चालवली. कुरळे केस ओले असताना लांब दिसतात आणि वाळले की वर चढतात, एवढी साधी गोष्ट त्या बाईला ठाऊक नव्हती. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या पोरी फळ्याकडं न बघता माझ्या कानांकडं बघत होत्या. त्यानंतर मी शहरातला शोध थांबवला. केस वाढले की एसटीनं गावी जायचं आणि अव्वासमोर, म्हणजे आईसमोर, बसायचं.

अव्वाचे केस माझ्यासारखेच होते. म्हणजे माझे तिच्यासारखे. ती जवस उकळून त्याचा चिकट रस गाळायची, त्यात करडीचं तेल घालायची आणि फणीला न शिवता नुसत्या बोटांनी टोकाकडून वर वर सोडवत जायची. मी घाई केली की म्हणायची, "थांब की गं. केस काय पळून चाललेत का?" घरातल्या बाकी सगळ्यांचे केस सरळ. माझा धाकटा भाऊ बसवंत आम्हा दोघींना उन्हात बसलेलं बघून म्हणायचा, "बसल्या माकडिणी उवा बघत." तेव्हा आम्ही हसायचो.

तो सलग दुसऱ्या दुष्काळाचा उन्हाळा होता. लातूर नुकता जिल्हा झालेला, त्यामुळं उदगीरकडंही सरकारी क्वार्टरांची बांधकामं जोरात होती. आमच्या गावातला हापसा नुसती हवा ओढत होता. पाणी होतं ते फक्त आमच्या मळ्यातल्या विहिरीला. अव्वाच्या शेवटच्या पत्रात त्या विहिरीवर लागणाऱ्या घागरींच्या रांगेबद्दल होतं. मग एका सकाळी शाळेच्या फोनवर निरोप आला: आई विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरली, जागेवर गेली, लगेच निघा.

मी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. अव्वाला ओसरीवर पाटावर बसवलं होतं. आम्हा लिंगायतांत मयत आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून भिंतीला टेकवतात, काखेतून धोतर घेऊन खुंटीला बांधतात; तसंच बसलेलं मखरातून नेतात आणि तसंच बसलेलं पुरतात. येणारा प्रत्येक जण समोर येऊन तोंड बघतो. वडील गेल्यापासून घराचा कारभार बसवंताकडं होता आणि त्यानं काही कमी केलं नव्हतं. उदगीरहून फुलं आली होती, भजनाची मंडळी अंगणात टाळ घेऊन बसली होती, मखर तयार होतं. तयार नव्हतं ते फक्त अव्वाचं डोकं.

"आंघोळ घातली का?" मी बसवंताच्या बायकोला, पार्वतीबाईला, विचारलं.

"ओल्या फडक्यानं पुसलं, अक्का. पाणी न्हाई."

"विहीर?"

"सकाळीच उपसली," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

केसांत माती होती, वाळलेलं गवत होतं आणि काळं पडलेलं रक्त होतं. वाळून ते सगळं एक झालं होतं. कपाळ पूर्ण झाकलं गेलं होतं. विभूतीचा डबा घेऊन बसलेले शिवमूर्ती स्वामी म्हणाले, "कपाळ मोकळं करा बायांनो. इभूत लावू कुठं?"

आत्यानं फणी घेतली. एका हातानं अव्वाची हनुवटी धरली आणि मुळाशी फणी घालून ओढली. अव्वाचं डोकं मागं गेलं, भिंतीवर आदळलं आणि तोंड उघडलं. आत्यानं पुन्हा ओढली. खुंटीला बांधलेलं धोतर ताणलं.

"आत्या, थांब."

"मग तूच सांग कसं करू. हे केस हायेत का बाभळीच्या काट्याचा फास?"

मागून एक म्हातारी म्हणाली, "जित्ती असताना बी कुणाला हात लावू दिली न्हाई केसाला. आता का देती?" दोघीचौघी हसल्या आणि पदर तोंडाला लावून पुन्हा रडू लागल्या.

"भुजंगाला बोलवा," आत्या म्हणाली. "पुढच्या बटा तेवढ्या कापून घेऊ."

"न्हाव्याला कशाला?" अंगणातून बसवंत ओरडला. "पदर घ्या डोक्यावर, फुलं टाका आन् उचला. उशीर होऊन राहिला."

"बिनइभूतीची नेतोस का आईला?" स्वामींनी विचारलं.

भुजंग न्हावी आला. धोकटी उघडून अव्वाच्या बाजूला उकिडवा बसला. त्यानं कपाळावरची बट उचलली, ती सुटेना. ती कुठं अडकली आहे ते बघायला त्यानं हात डोक्यामागं नेला. तो हात तिथं पोचला आणि बसवंताची लाथ भुजंगाच्या बरगडीत बसली. भुजंग ओसरीवरून खाली पडला. बसवंतानं धोकटी लाथाडली. वस्तरा, कात्री, वाटी अंगणभर झाली.

"आईच्या डोक्याला हात लावतोस? दाढ्या कर जाऊन लोकांच्या!"

आणि पडलेल्या माणसाच्या कानशिलात त्यानं आणखी एक ठेवून दिली. चारपाच जणांनी त्याला धरलं. "दुःखानं डोकं फिरलंय पोराचं," कुणीतरी म्हणालं. भुजंगानं सामान गोळा केलं. जाताना त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं. नाकातून रक्त येत होतं, ते त्यानं पुसलंही नाही.

"मी करते," मी म्हणाले.

बसवंत धापा टाकत होता. सगळे ऐकत होते, त्याला नाही म्हणता येईना. "पुढचं तेवढं कर, अक्का. मागं हात लावू नको."

पुढचं सोडवायचं तर मागचं सोडवावं लागतं. सरळ केसांच्या माणसाला हे कधी कळत नाही. मी अव्वाच्या मागं, भिंत आणि तिची पाठ यांच्यामध्ये जेमतेम शिरून गुडघ्यांवर बसले. पार्वतीबाईनं करडीच्या तेलाची वाटी धरली. बोटांना तेल लावून मी एक एक बट मोकळी करू लागले. माती बोटांवर येत होती. मान थंड होती. मला रडू येत नव्हतं. मला एवढंच वाटत होतं की आता कुणी तिला ओढू नये.

मागच्या बाजूला, डाव्या कानाच्या वर, बटा आडव्या बसवल्या होत्या. आमचे केस असे आपोआप पडत नाहीत. कुणीतरी हातानं दाबून ठेवले होते. मी त्या उचलल्या. खाली केस नव्हते. तळहाताएवढ्या जागेत कातडीच सोलून निघाली होती, कडेला ती दुमडली होती, आणि मधे वाळलेल्या मांसाला दोनचार केस चिकटले होते. पायऱ्यांवरून पडून डोकं फुटतं. तेही फुटलेलं होतं, उजव्या बाजूला, आणि ते सगळ्यांनी बघितलेलं होतं. पण पडून केस मुळासकट उपटले जात नाहीत.

पार्वतीबाईनं वाटी खाली ठेवली आणि तोंड फिरवलं.

"कोण होतं विहिरीवर?"

"मला नका इचारू, अक्का."

"पार्वती."

ती माझ्या कानाशी वाकली. टाळ वाजत होते. "क्वार्टराच्या कंत्राटदाराचा टँकर आला हुता. हे रोज पाणी इकून राहिलेत त्याला. अव्वा जाऊन पाईपावर बसल्या. म्हणल्या, आधी गावाच्या घागरी, मग टँकर. ह्यांनी उठ म्हणलं. उठल्या न्हाईत." तिनं स्वतःच्या अंबाड्याला हात लावला. "हितं धरून वढत नेलं. पायऱ्यांपातूर. अव्वांनी हिसडा दिला, तशा सुटल्या आन् खाली..."

"आणि टँकर?"

"भरून गेला की," ती म्हणाली.

मी उरलेले केस बोटांनी वर घेतले. सगळे गोळा केले, पीळ दिला आणि टाळूवर उंच अंबाडा बांधला. तसा अव्वानं कधी बांधला नव्हता. मागची जागा उघडी पडली.

"झालं का?" बसवंत ओसरीवर चढला. बाजूनं वाकून त्यानं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"सोड ते," तो हळू आवाजात म्हणाला. "पदर घाल."

"नाही."

"अक्का, तमाशा करू नको. बाहेर अख्खं गाव बसलंय."

"म्हणूनच नाही," मी म्हणाले आणि खुंटीच्या गाठीला हात घातला.

त्यानं माझे केस धरले. मागून, मुळाशी, आणि मनगटाला एक वेढा दिला. त्याला तो वेढा देताना विचार करावा लागला नाही. मला त्यानं अव्वाच्या मागून ओढून बाहेर काढलं आणि भिंतीकडं ढकललं. गाल भिंतीवर घासला, दात ओठात घुसले. हाताला खाली पडलेली फणी लागली. लाकडी, जुनी, जाड दात्यांची. मी ती मागच्या मागं सगळा जोर लावून मारली. ती त्याच्या तोंडात कुठंतरी रुतली. तो ओरडला, पण मूठ सोडली नाही. त्यानं हिसका दिला. माझ्या कवटीच्या आतून कापड फाटल्यासारखा आवाज आला आणि मी सुटले.

टाळ थांबले होते.

मानेवरून गरम रक्त वाहत होतं. मी रांगत पाटापर्यंत गेले, खुंटीची गाठ ओढून सोडली आणि पाटाला खांदा लावला. अव्वा जड नव्हती. शहाबादी फरशीवर पाट करकरत फिरला. मी तिचं तोंड भिंतीकडं केलं आणि पाठ गावाकडं.

अंगणातली माणसं उभी राहिली. आत्या जवळ आली. लहानपणी बसवंताला कडेवर घेऊन गावभर मिरवणारी हीच. तिनं वाकून अव्वाची ती जागा बघितली. मग माझी मान धरून, उजेडाकडं नेऊन, माझं डोकं बघितलं. नंतर ती त्याच्याकडं वळली.

"बसवंता, मूठ उघड."

"काय?"

"मूठ उघड म्हणते."

त्याच्या गालातून रक्त गळत होतं. आपली मूठ अजून मिटलेलीच आहे हे त्याला कळलंच नव्हतं. त्यानं ती उघडली. माझे केस घामानं आणि रक्तानं बोटांना गुंडाळले गेले होते. त्यानं हात झटकला. ते पडेनात. पुन्हा झटकला, धोतराला पुसला.

"ती पडली," तो म्हणाला. "आत्या, तुझ्या गळ्याची आण, पडली ती. घरातली गोष्ट हाय ही."

आत्यानं पायातली चप्पल काढली आणि त्याच्या फुटलेल्या गालावरच हाणली. एकदा नाही. दम लागेपर्यंत हाणत राहिली. तिला कुणी धरलं नाही आणि त्यानंही हात वर केला नाही. शिवमूर्ती स्वामींनी विभूतीच्या डब्याला झाकण लावलं. "आज माती देता येणार न्हाई," ते म्हणाले. "उदगीरला माणूस धाडा. पोलीस येऊ द्या." मयताला खांदा द्यायला आलेले गडी दारात जाऊन उभे राहिले, आणि बसवंत उठला तेव्हा त्यांनी वाट सोडली नाही.

वाट बघत असताना तो माझ्या जवळ सरकला. "अक्का," तो म्हणाला, "तू सांगशील ते ऐकतील. तू शिकलेली हायस. पडली म्हण. आई तर गेली. आता तुला माझ्याबिगर माहेर तरी कोण हाय?"

ते खरं होतं. पार्वतीबाई माझ्या डोक्याला हळद दाबत होती.

जीप आली तेव्हा अजून उजेड होता. फौजदार टोपी काखेत धरून ओसरीवर चढला, त्यानं पाठमोऱ्या अव्वाचं डोकं वाकून बघितलं आणि विचारलं, "मयताचं कोण?"

"मी. मुलगी."

"आणि हा तुमचा कोण?"

"ह्यानं तिला मारलं," मी म्हणाले.