आकड्यांना कपडे घालणारा

मित्रांनो, मी एक जुना सजवणारा आहे. माणसं नव्हे, आकडे सजवतो. जनावरांच्या दवाखान्यातल्या संगणकात माझं बिऱ्हाड आहे. वजनकाट्यावरून उघडाबोडका आकडा आला की दशांश चिन्हापुढे किती अंक ठेवायचे ते मी बघतो, मागे ‘किलो’ जोडतो आणि त्याला पडद्यावर धाडतो.

मला डॉक्टरांच्या धाकट्या मुलाने घडवलं. तेव्हा दवाखान्यात बैल आणि घोडे येत. बैलाला दशांश कशाला, असं डॉक्टर म्हणाले आणि मी पूर्ण किलो दाखवू लागलो. माझं कौतुक झालं. बैलांचीही तक्रार नव्हती.

पुढे थोरल्या सूनबाई डॉक्टर होऊन त्याच खुर्चीत बसल्या आणि मांजरं येऊ लागली. दशांश वाढवायचं बटण दाबलं की हुकूम मला कळे, पण पडद्याला कोणी सांगत नसे. वजन बदललं तरच तो जागा होई. नियम बदलला तर ढिम्म. मग सगळे पडद्यावरची वजनाची खिडकी मिटून पुन्हा उघडत. खोड अंगवळणी पडली की तिला पद्धत म्हणतात.

एका सकाळी एक आजी लोकर गिळलेलं मांजराचं पिल्लू घेऊन आल्या. भूल द्यायची होती. पिल्लू जेमतेम सहाशे ग्रॅमचं. बाईंनी बटण दाबलं, पण घाईत खिडकी मिटायची राहिली. पडद्यावर ‘१ किलो’. मी आत खरा आकडा घेऊन तयार, पण बोलावतो कोण! सुईत औषध दीडपटीहून जास्त भरलं गेलं.

बाईंनी पिल्लू तळहातावर उचललं, ते किलोभराचं वाटेना, आणि सुई खाली ठेवली. खिडकी मिटून उघडली, औषध नव्याने भरलं. लोकर निघाली, पिल्लू वाचलं. मग त्यांनी दिराला, म्हणजे मला घडवणाऱ्या धाकट्याला, बोलावलं.

“वहिनी, खिडकी मिटून उघडायची की. इतकी वर्षं चाललंय.”

“आणि विसरले असते तर? पिल्लू मिटून उघडता येतं का रे?”

दिराने पडद्यावर सूचनेची चिठ्ठी चिकटवून पाहिली. बाईंनी ती काढली आणि दाराशी खुर्ची टाकून बसल्या. दुरुस्तीशिवाय सुटका नव्हती. अखेर त्याने मला शिकवलं: नियम बदलला की पडद्याला हाक मारायची.

मित्रांनो, एखाद्याची खोड सांभाळत बसू नका. ती दुरुस्त करा, म्हणजे तोही सुटतो.

ते पिल्लू आता चांगला दांडगा बोका झालं आहे. काट्यावर क्षणभर स्थिर उभं राहत नाही. ते हलतं, आकडा हलतो, बाई बटणं दाबतात. मी प्रत्येक वेळी हाक मारतो. पडदा कंटाळला असेल, मी नाही.