ताइतापुढे थांबलेली गोळी

चौऱ्याऐंशी सालच्या दसऱ्याला आमच्या दिंडोशीच्या वसाहतीत एवढी गर्दी लोटली की, नळाला पाणी आलं तरी कुणी हंडा घेऊन धावलं नाही. यावरून चमत्काराचा दर्जा ओळखावा.

बांधकामाच्या वाळूच्या ढिगापुढे भिजवलेल्या रद्दीचे दोन गठ्ठे एकामागे एक उभे होते. रद्दी माझ्या घरची, म्हणजे माझेच विनोदी लेख. शेजारी शस्त्रपूजेचं ताट, त्यात दोन वाट्या आणि वाट्यांत रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या. बायकांनी पुढे ढकलल्यामुळे माझी बायको सुलक्षणा त्यांना हळदकुंकू लावत होती. ती शाळेत विज्ञान शिकवते. पण दसऱ्याला आमच्याकडे शिलाईमशीन आणि स्कूटरही कुंकवावाचून सुटत नाही.

"पहिली गोळी, ताइताविना!" गोळी अडवणारे ताईत वाटत फिरणारे अभयानंदबाबा गरजले. शिष्यानं परवान्याचं रिव्हॉल्व्हर झाडलं. गोळी दोन्ही गठ्ठ्यांच्या आरपार जाऊन वाळूत घुसली. माझ्या लेखनाला इतक्या खोलवर कुणी भिडल्याचा तो पहिलाच प्रसंग.

नवे गठ्ठे आले. पुढच्यावर ताईत बांधला. धडाम! या वेळी मागचा गठ्ठा शाबूत.

"गोळीलाही भान असतं, भक्तहो! ताईत दिसला की ती लाजते, थबकते, नमस्कार करते!"

लोक 'जय हो' करू लागले. त्यात सर्वांत मोठा आवाज दशरथचा. दशरथ बँकेच्या पैशांच्या गाडीवर पहारेकरी. "आता उद्यापासून दरोडेखोर आला, तर छाती काढून उभा राहतो बघ!" बाबांकडून घेतलेला ताईत दंडाला बांधत त्यानं बायकोला, शेवंतीला सांगितलं. तिला सातवा महिना.

बुद्धिवादी म्हणून माझी जबाबदारी होती. मी पाण्याच्या टाकीमागून गरजलो, "नुसता बार होता! गोळी नव्हतीच!"

बाबांनी गठ्ठ्याच्या तोंडावरचं भोक दाखवलं. "बालका, हे काय उंदरानं पाडलं?"

वसाहत खो खो हसली. मी साठीचा बालक टाकीमागेच राहिलो.

"अहो, तुम्ही गप्प बसा जरा," सुलक्षणा म्हणाली आणि बाबांकडे वळली. "गठ्ठे नवे लावा, ताईत तोच राहू दे. फक्त आता गोळी या वाटीतली घ्या, पहिली गोळी काढली होती तिच्यातली."

"माते, मुहूर्त टळला."

"दोन मिनिटांत?"

"बाई, देवाच्या कामात मध्ये नका पडू हां," दशरथ म्हणाला.

"पडू दे!" शेवंती कडाडली. "उद्या छाती तुझी फुटणार, रद्दीची नाय!"

मग सगळ्या बायकाच ओरडू लागल्या. शिष्यानं नाइलाजानं गोळी झाडली. ताईत जागच्या जागी होता. गोळी मात्र न लाजता दोन्ही गठ्ठे ओलांडून वाळूत.

"कुंकू लावताना कळलं," सुलक्षणा म्हणाली. "या वाटीतल्या गोळ्यांचं नाक गोल, बोट घसरतं. त्या वाटीतल्यांच्या नाकाला खळगा, कुंकू आत भरतं. गोल नाकाची गोळी वाट काढत खोल जाते. खळग्याची गोळी ओल्या कागदात शिरली की तिचं तोंड फुलतं, ती रुंद होते आणि अडते. बाबा वाट्या बदलत होते, बाकी काही नाही."

तिनं बाजूला काढलेला, थांबलेल्या गोळीचा गठ्ठा उलगडला. आत पसरट झालेलं शिसं आणि भोवती कागदांचा नुसता भुगा. दशरथनं त्या पोकळीत मूठ घातली. मूठ मावली. त्याचा चेहरा उतरला.

"थांबली म्हणजे तिला दया आली नाही, दशरथ," सुलक्षणा हळूच म्हणाली. "सगळा जोर तिनं आतच काढला."

बाबा ताट आवरू लागले होते. दशरथनं दंडावरचा ताईत तोडून त्यांच्या ताटात टाकला.

"उद्या गोळी सुटली तर काय करशील?" शेवंतीनं विचारलं.

"गाडीच्या चाकाआड आडवा पडेन."

"आणि?"

"आणि सगळं शांत होईस्तोवर उठणार नाय!"

ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

वाचकहो, चमत्कार करणाऱ्याशी भांडू नका. त्याला फक्त वाटी बदलायला सांगा. खरं असेल ते दुसऱ्या वाटीतूनही खरंच निघेल.