बाईंनी उगारलेला दिवा

मी नऊ वातींचा एक जुना पितळी दिवा आहे. माझी एक फांदी वाकलेली आहे. ती कशी वाकली हे आठवले, की अजूनही अंगावर काटा येतो. पण मित्रांनो, तुम्ही ते ऐकायला हवे.

एका ओताऱ्याने मला साच्यात ओतले आणि मी एका ज्यू घरात आलो. वर्षभर जुन्या चादरीत गुंडाळून कपाटात पडलेला असे. हनुक्का हा ज्यूंचा दिव्यांचा सण आला, की राखेने घासून मला लखलखीत करत. त्या घरची लेक पुढच्या खोलीत बालवाडी चालवी. सगळे तिला बाई म्हणत. सणाच्या आठ संध्याकाळी त्या मुलांसमोर रोज एक वात वाढवत. नववी वात इतरांना पेटवण्यासाठी असे.

त्या वर्षी गावात ज्यूंविरुद्ध विष पेरले जात होते. तरी बाईंनी मला खिडकीत ठेवले. "एका राजाने आपले मंदिर बाटवले," त्या सांगत होत्या. "लोक लढले, ते परत मिळवले. तिथे एकाच दिवसाचे तेल होते, ते आठ दिवस पुरले."

तेवढ्यात बाहेर जमलेल्या टोळीतून दगड आला. काच फुटली. एका चिमुरडीच्या कपाळातून रक्ताची धार लागली. बाईंनी मुलांना मागच्या कोठीत ढकलून कडी घातली. त्यांचे म्हातारे वडील दाराला पाठ लावून उभे राहिले. दार पहारीने फोडले गेले आणि वडील खाली पडले. पडल्यावरही त्यांना लाथा बसत होत्या. बरगड्या मोडल्याचा आवाज मी ऐकला.

एक जण गज घेऊन कोठीकडे वळला. बाईंनी मला उचलले. गरम तेलाने त्यांचा हात पोळला, तरी त्यांनी मला त्याच्या कानशिलावर हाणले. तो कोसळला. तेव्हाच माझी फांदी वाकली. बाईंनी मला पुन्हा उगारले, आणि त्यांना त्याचे तोंड दिसले. तो मुलांना रोज दूध घालणारा दूधवाला होता.

"बाई, नका मारू," तो म्हणाला.

माझ्यावरून रक्त ठिबकत होते. बाईंनी दुसरा घाव घातला नाही, मला खाली ठेवले. मग शेजारचा पाववाला भावांना घेऊन धावत आला आणि टोळी पांगली. दूधवाला रांगत निघून गेला. वडील मात्र वाचले नाहीत.

बालवाडी पुन्हा उघडली. पुढच्या हनुक्काला बाईंनी मला मुलांसमोर ठेवले. कपाळावर व्रण असलेली चिमुरडी मला हात लावेना.

"ह्यानेच मारलं ना तुम्ही दूधवाल्याला?"

"हो."

"मग हा वाईट आहे?"

"मारलं मी. तो उठून पुन्हा कोठीकडे वळला असता, तर परत मारलं असतं. पण तो पडला होता, बाळा. पडलेल्याला मारायचं नसतं."

"पण त्यांनी आजोबांना मारलं."

"हो," बाई म्हणाल्या. मग त्यांनी तिच्या हातात काडी दिली आणि दोघींनी मिळून आधी नववी वात आणि तिच्यावरून पहिली पेटवली.

मित्रांनो, घरातली कुठलीही जड वस्तू हत्यार होऊ शकते. कुणाला वाचवण्यासाठी ती उचलावी लागली, तर उचला. पण वेळेवर खाली ठेवा.