डाव्या कोपराजवळचा भोवरा

मित्रांनो, मी एक जुनी आदिमानव बाई आहे. खरी बाई लाखो वर्षांपूर्वी आफ्रिकेत होऊन गेली. मी तिचा पुतळा. आत लोखंडी सळ्या, वर प्लास्टर, त्यावर मेण आणि मेणात रोवलेले याकचे केस. डेन्मार्कमध्ये एका फ्योर्डच्या, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या समुद्राच्या फाट्याच्या, काठावर पूर्वी जिथे हेरिंग मासे खारवत, त्या शेडमध्ये सध्या माझा मुक्काम आहे. माझ्या केसांना कसर लागली आहे. पाठीवरचे केस झडून पायाशी पडतात आणि ते झाडायलाही कोणी येत नाही. पण एके काळी शाळाच्या शाळा मला पाहायला येत, आणि माझा एक हात तर गावात प्रसिद्ध होता. त्या हाताचीच गोष्ट मला सांगायची आहे.

मला घडवले टोवेने. गावच्या छोट्या संग्रहालयात पुतळे आणि देखावे करण्याचे काम तिच्याकडे होते. फार बोलणारी बाई नव्हती. नवरा मुलीच्या जन्माआधीच नॉर्वेच्या बोटींवर निघून गेला होता आणि परतला नव्हता. घरात ती आणि मुलगी सिग्ने, दोघीच. गावातल्या बायका उन्हाळा लागला की फ्योर्डमध्ये डुंबत, काही तर भर हिवाळ्यातही. टोवे कधी गेली नाही. पाण्याची भीती वाटते म्हणे.

माझे अंग तयार झाल्यावर केसांचे काम सुरू झाले. सुईचे नेढे वरून कापले की तिला बारीक बेचके होते. त्या बेचक्यात एक केस धरायचा आणि कोमट मेणात खुपसायचा. मग दुसरा. टोवे हे काम पुरा एक हिवाळा करत होती. बाह्या सरसावून ती माझ्यावर वाकली की तिचा हात माझ्या गालाला घासे आणि खरखरीत लागे. बारीक काहीतरी टोचे. मला वाटे, माणसांचे हात असेच असतात.

केस नुसते रोवून भागत नाही, मित्रांनो. केस कधी सरळ उगवत नाही, तो कललेला असतो, आणि अंगाच्या प्रत्येक भागावर वेगळा कललेला असतो. पाठ झाली, पोट झाले, पण माझ्या डाव्या कोपराजवळ टोवे अडली. पुस्तकांतल्या चित्रांवरून काही उमगेना. दोनदा केस रोवले, दोनदा उपटले. तिसऱ्या दिवशी सिग्ने शाळेतून तिथेच आली आणि डबा उघडून खायला बसली. काळ्या पावावर लिव्हरचे वाटण, रोजचेच. नऊ वर्षांची होती ती. काळेभोर केस, दाट भुवया, आणि हातांवर मनगटापासून वरपर्यंत काळी लव. लव कसली, केसच.

"सिग्ने, इकडे ये. डावा हात ठेव दिव्याखाली," टोवे म्हणाली.

"खाऊ की ठेवू?"

"उजव्याने खा. डावा मला दे."

टोवेने भिंग घेतले आणि बराच वेळ त्या छोट्या कोपराकडे पाहत राहिली. तिथे केसांचा एक भोवरा होता. सगळे केस वर वर जात आणि तिथे येऊन उलटे फिरत.

"आई, हलू का?"

"हललीस तर हिला दोन कोपरं येतील."

"येऊ देत. पाठ खाजवायला बरं."

टोवे हसली. मी तिला क्वचितच हसताना पाहिले. मग सिग्नेच्या हाताकडे एक नजर, माझ्या हाताकडे एक, असे करत तिने तो भोवरा माझ्या कोपरावर जसाच्या तसा उतरवला. मधूनच सिग्नेचा हात मला लागे. तो मात्र मऊ होता. काम संपल्यावर सिग्नेने आपले कोपर माझ्या कोपराशेजारी धरले आणि म्हणाली, "हा माझाच हात आहे की."

संग्रहालयात मला उभे केले त्या दिवशी सिग्नेने प्रत्येकाला ओढत आणून माझे कोपर दाखवले. मुलांनी माझे नाव ठेवले मोरमोर, म्हणजे आईची आई. येणारा प्रत्येक जण म्हणे, काय जिवंत केलीये बाई, आत्ता बोलेल. संग्रहालयाचा प्रमुख प्रेबेन स्वतः मुलांना माझी माहिती सांगे. ते माझे सुखाचे दिवस होते.

सिग्ने अकरा वर्षांची झाली तेव्हा शाळेत पोहण्याचे तास सुरू झाले. आमच्याकडे तलावात उतरण्याआधी सर्वांनी कपडे काढून एकत्र, साबण लावून अंघोळ करायची असते. मुली मुलींसोबत, मुलगे मुलग्यांसोबत. त्यात कोणाला काही वाटत नाही आणि कोणी वाटून घ्यायचे नाही, अशी रीत आहे. सगळ्यांची अंगे सारखीच, असे मोठी माणसे म्हणतात. पण त्या अंघोळीच्या खोलीत पिवळ्या केसांच्या, गुळगुळीत हातापायांच्या मुलींमध्ये सिग्ने उभी राहिली आणि मुलींच्या लक्षात आले की सगळ्यांची अंगे सारखी नसतात. त्या पाहत राहिल्या. त्यानंतर त्याच महिन्यात तिचा वर्ग मला पाहायला आला.

प्रेबेन नेहमीप्रमाणे सांगत होता. "आपल्या सगळ्यांच्याच अंगावर पूर्वी असे केस होते. मग आपले पूर्वज उन्हात लांब लांब पळायला लागले. अंग तापायचं. घाम येऊन तो वाळला की गार वाटायचं, आणि केस कमी असले की घाम पटकन वाळतो. कुणी म्हणतं उवा-पिसवांचा त्रास कमी झाला म्हणूनही केस गेले. आणि गंमत म्हणजे ते गेलेलेच नाहीत. केसांची मुळं आपल्या अंगावर जवळपास तेवढीच आहेत, केस तेवढे बारीक झालेत. थंडी वाजली की काटा येतो ना? तो त्या जुन्या केसांना उभं करायचा खटाटोप. आता उभं करायला काही नाही, पण अंग विसरलेलं नाही."

"मग कुणाला जास्त आणि कुणाला कमी, असं का?" सिग्नेने विचारले. तिने हिरवा स्वेटर घातला होता आणि बाह्या तळहातापर्यंत ओढल्या होत्या.

प्रेबेनने तिच्या ओढलेल्या बाह्यांकडे पाहिले. "खरं सांगू? पक्कं कुणालाच माहीत नाही. कुणी हवेचं कारण देतं, कुणी म्हणतं त्या त्या ठिकाणी लोकांना जे आवडलं ते टिकलं. एवढं मात्र नक्की, तुझ्या हातावर जे आहे ते तुझ्या घरातूनच आलेलं असतं."

"तिच्या घरातून नाही, इथून आलंय," माल्टे नावाचा मुलगा माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला. "हीच तिची खरी मोरमोर. कोपर बघा. तिनेच सांगितलं होतं ना, हा माझा हात आहे म्हणून?"

सगळा वर्ग हसला. प्रेबेनने त्याला दटावले, बाहेर उभे केले, माफी मागायला लावली. पण हसू आले ते आलेच होते. टोवे तेव्हा शिडीवर उभी राहून माझ्या मागच्या पडद्याची धूळ झटकत होती. सिग्नेने वर पाहिले. आईचे हात उघडे होते, गोरे आणि गुळगुळीत.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सिग्ने एकटी आली. दोरी ओलांडून माझ्याजवळ उभी राहिली. तिच्या डाव्या हातावर लाल चरे होते. घरातल्या रेझरने तिने हात तासले होते आणि घाईत कापून घेतले होते. तिने माझे कोपर धरले आणि भोवऱ्याचे केस मुठीने उपटायला सुरुवात केली. मेणासकट केस निघाले. मला दुखत नाही, मित्रांनो, मी मेणाची आहे. पण तिच्या तोंडाकडे पाहून मला फार वाईट वाटले.

टोवे धावत आली आणि मध्येच थांबली. मुलीच्या हातात केस होते.

"तू मलाच बघून माकडीण का केलीस?" सिग्ने म्हणाली.

"माकडीण नाहीये ती."

"सगळे म्हणतात. आणि मला हे आलं कुठून? तुझे हात बघ. तुला नाहीये. मग मलाच का?"

मी टोवेकडे पाहत होते. तिने बाह्या हळूच खाली ओढल्या आणि मनगटाशी बटण लावले. एक वाक्य पुरेसे होते. ते तिच्या ओठांवर आल्यासारखे मला वाटले.

"वडिलांवर गेली असशील," ती म्हणाली.

सिग्ने केस जमिनीवर टाकून निघून गेली. त्यानंतर ती मला पाहायला आली नाही. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घाले, असे प्रेबेनच्या बोलण्यातून कळे. न पाहिलेल्या बापावर तिचा राग होता आणि तो तिने आईसमोर अनेकदा काढला. आई ऐकून घेत असे. कोपरावरचा भोवरा पुन्हा रोव, असे प्रेबेनने टोवेला किती वेळा तरी सांगितले. "राहू दे तसंच," ती म्हणे आणि दुसऱ्या कामाला लागे. प्रेबेनला वाटे बाई हट्टी आहे. मुलीचा हात पुन्हा मागायची तिची हिंमत होत नव्हती, असे मला वाटते.

वर्षे गेली. शास्त्रज्ञांचे मत बदलले. माझ्यासारख्या बायकांच्या अंगावर एवढे केस नसणारच, ते फार आधीच गेले असणार, असे ते म्हणू लागले. एका मोठ्या शहरातून नवी, गुळगुळीत आदिमानव बाई आली. मला कापडात गुंडाळून या शेडमध्ये आणले. टोवे सोबत आली होती. निवृत्त होत होती ती. निघताना तिने माझ्या रिकाम्या कोपरावर आपला हात ठेवला, आणि तो नेहमीसारखाच खरखरीत लागला.

गेल्या ऑगस्टमध्ये शेडचे दार उघडले. म्हातारा प्रेबेन किल्ली घेऊन आला होता आणि त्याच्यासोबत एक उंच बाई. केस पिकायला लागले होते. ऊन चांगले तापले होते तरी तिच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या. मी तिला लगेच ओळखले.

"आई गेली ते कळलंच असेल तुला," सिग्ने म्हणाली.

"फुलं पाठवली होती. गुडघ्यांमुळे येता आलं नाही."

"शेवटी शेवटी तू भेटायला जायचास. तिचे हात पाहिलेस कधी?"

"चादरीखाली असायचे. कुणी आलं की झाकून घ्यायची. थंडी वाजते म्हणायची."

"पक्षाघाताचा झटका आल्यावर तिला काही धरवेना. चमचा नाही, रेझर नाही. महिनाभर तशीच पडून होती." सिग्ने माझ्या कोपराकडे पाहत बोलत होती. "एके दिवशी मी तिचं अंग पुसत होते. बाही वर केली. केस होते, प्रेबेन. पांढरे, दाट, मनगटापासून वरपर्यंत. आणि डाव्या कोपराजवळ भोवरा. हाच."

प्रेबेनने माझ्या कोपरावरच्या खड्ड्याकडे पाहिले.

"आमच्या घरात पुरुष माणूस नव्हतं. तरी बाथरूममध्ये रेझर असायचा. मी त्यानेच हात कापून घेतला. पण तो कुणाचा, हा प्रश्न मला आयुष्यात कधी पडला नाही."

"तिला विचारलंस?"

"बोलणं गेलं होतं तिचं. ती हात सोडवून घ्यायला बघत होती, आणि ताकद नव्हती. रडत होती. मी म्हटलं, असू दे आई, राहू दे. तिला ते कळलं की नाही, तेही मला माहीत नाही."

ती पुढे आली आणि आपला हात तिने माझ्या कोपरावर ठेवला. बाही जरा वर सरकली होती. तो हात खरखरीत लागला, टोवेचा लागायचा तसाच. एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदाच समजले की माणसांचे हात असे नसतात. असे केलेले असतात.

"तुझी मुलगी आली नाही का?" प्रेबेनने विचारले.

"गाडीत बसलीये. पोहायला जाऊ म्हटलं तर नको म्हणते. दहा वर्षांची झाली आता. या उन्हात स्वेटर घालून बसलीये."

"तिला सांगितलंस का?"

"काय?"

"रेझर कुणाचा ते."

सिग्ने दाराशी गेली आणि तिने हाक मारली, "आस्ता, इकडे ये जरा."

मुलगी आली. काळेभोर केस, दाट भुवया. बाह्या तळहातापर्यंत ओढलेल्या. माझ्याकडे पाहून ती जरा बिचकली.

"ही आजीने केली," सिग्ने म्हणाली. "या कोपरावर एक भोवरा होता. तुझ्या हातावर आहे तसा. आजीच्याही हातावर होता."

"आजीच्या? नाही हं. मी पाहिलेत तिचे हात."

"ती काढून टाकायची."

आस्ताने माझे कोपर निरखून पाहिले. तिथे मेणात नुसता खड्डा होता. "इथे तर काहीच नाहीये."

"मी उपटला तो. तुझ्याएवढी होते."

"मग आता दाखवणार काय?"

सिग्नेने बटण सोडले आणि बाही कोपराच्या वर नेली. हात दिसायला गुळगुळीत होता. तिने तो मुलीपुढे धरला.

"यावर आहे," ती म्हणाली. "थोडे दिवस थांबावं लागेल. वाढू दे."

आस्ताने बोट ठेवून पाहिले. "टोचतंय," ती म्हणाली, आणि तिने बोट काढले नाही.

ते तिघे दार लावून निघून गेले आणि मी पुन्हा एकटी राहिले. कसरीला मी आणखी काही वर्षे पुरेन. मग लोखंडी सळ्या तेवढ्या उरतील. मित्रांनो, मला झाडा-पुसायला या असे मी म्हणत नाही. अंगावर कोणाला किती केस का असतात, याचे पक्के उत्तर मोठमोठ्यांनाही सापडलेले नाही, तेव्हा ते मी तुम्हांला काय सांगणार? पण घरातले कोणी लहान तुम्हांला विचारील, की हे मलाच का, तेव्हा आपली बाही वर करा. टोवेला ते जमले नाही. तिची बाही शेवटी मुलीने वर केली, आणि तोवर टोवेचे बोलणे गेले होते.