दाराआडून हाक

आमचे बाबा इतके बडबडे, की ते गप्प बसले तर ओळखीचे लोक तब्येत विचारायचे. पण परदेशातून घोडे आले, की आमच्या घरात आवाज म्हणून उरायचा नाही. बाबा विलगीकरणाच्या तबेल्यात मोतद्दार होते. आलेल्या घोड्यांचं रक्त तपासून ते निरोगी ठरेपर्यंत त्यांची देखभाल करणाऱ्यानं दुसऱ्या घोड्याजवळ जायचं नाही, असा तिथला नियम. आणि आमच्या परसात बाबांची स्वतःची घोडी होती. तिला आम्ही म्हातारी म्हणायचो. बाबांचा आवाज ऐकला की ती दावं तोडायला बघायची. म्हणून बाबा पुढच्या दारानं चोरासारखे घरात शिरायचे आणि जेवताना मीठसुद्धा खुणेनं मागायचे. आई म्हणायची, घोडे वर्षभर येत राहिले तर किती बरं. मला मात्र ते मुके बाबा मुळीच आवडायचे नाहीत. आज त्यांच्या त्या खुणासुद्धा आठवल्या की भरून येतं.

त्या वर्षी एका घोड्याच्या रक्तात ग्लँडर्सचा संशय आला. तो रोग जडला की घोड्याला मारावंच लागतं. नमुना पुन्हा तपासायला गेला आणि नेमकी तेव्हाच म्हातारी पोटदुखीनं आडवी झाली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि बजावलं, काहीही करून हिला उभी करा, चालवा, नाहीतर हातची गेलीच समजा. आई आणि मी दोर ओढून घामाघूम झालो. ती ढिम्म हलेना.

बाबा मागच्या बंद दाराआड उभे होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"ऊठ गं म्हातारे. पुरे झाले लाड."

ती उठली. धडपडत दारापाशी आली आणि फळीला कपाळ टेकून उभी राहिली. बाबा आतून बोलत राहिले, तिच्या खोड्या, साहेबांच्या नकला, वाट्टेल ते. आम्ही तिला फिरवायचो, ती पुन्हा दाराशी यायची. कडी काही निघाली नाही. संध्याकाळी ती तिथंच बसली आणि गेली.

पुढच्या आठवड्यात निकाल आला. घोडा ठणठणीत होता.

आई हळूच म्हणाली, "अहो, दार उघडलं असतं तरी काही बिघडलं नसतं."

"हे आज कळलं," बाबा म्हणाले, आणि कडी काढून परसात गेले.