नळाचं पाणी प्यायलेली बॅटरी

मी बॅटरी. गच्चीवरच्या चार सोलर पॅनेलांनी दिवसभर जमवलेली वीज पोटात साठवायची आणि लाइट गेली की घराला परत द्यायची, एवढंच माझं काम. साडेसात वर्षं मी ते एकाच घरात, एकाच जिन्याखाली बसून केलं. मला तोंड नाही. चार्ज होताना पोटात बारीक गुळगुळ होते, तेवढाच माझा आवाज. पण एकदा या घरात खरं काय घडलं ते फक्त मला आणि आणखी एकीला ठाऊक होतं. ते सांगून टाकते.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा शिशाच्या सळ्या, सहा कप्पे आणि सहा बुचं, एवढीच मी होते. मग ॲसिड भरलं आणि अंगात पहिल्यांदा ऊब आली. वजन साठ किलोच्या वर. या घरात दोन माणसांनी मला उचलून आणलं तेव्हा पायरीपायरीला माझा उद्धार केला. मी मनावर घेतलं नाही. जड माणसाला ऐकून घ्यावंच लागतं.

घरात माणसं चार. मुलगा मालट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्याची बायको, म्हणजे सूनबाई, पुढच्या खोलीत मोटारीच्या मशीनवर शाळेचे गणवेश शिवायची. त्यांची मुलगी छोटी, तेव्हा नुकती चालायला लागली होती. आणि मुलाचे वडील. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये गेलेली. तेव्हा मला बसवायला आलेल्या सोलरवाल्याची काय गत झाली असेल ते ओळखा.

"इथे नको," आजोबा म्हणाले. "भिंतीला चिकटवू नकोस. खाली लाकडी फळी घाल. आणि तो झरोका कुणी पुठ्ठ्यानं बंद केलाय? चार्ज होताना हिच्यातून वायू निघतो. त्याला बाहेर जायला वाट पाहिजे."

"आजोबा, मी शंभर घरांत बॅटऱ्या बसवल्यात."

"बसवल्यास ना? मी दोनशे चोवीस बॅटऱ्यांबरोबर एकतीस वर्षं संसार केलाय."

सोलरवाला मुकाट्यानं फळी शोधायला गेला.

आजोबा मला 'बाई' म्हणायचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी माझी तपासणी असे. आधी ते पॅनेलांवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसून घेत. मग खाली येऊन माझ्या टर्मिनलांवर साठलेली हिरवट पांढरी भुकटी खायच्या सोड्याच्या पाण्यानं धूत, कोरडी करत, वर व्हॅसलीनचं बोट फिरवत. बुचं उघडून काचेच्या नळीत थोडं ॲसिड ओढून घेत. नळीच्या आत एक काटा तरंगतो. तो किती वर आला यावरून माझं पोट किती भरलंय ते कळतं. सहाही कप्प्यांचे आकडे ते वहीत लिहीत. पाणी कमी झालं असेल तर पांढऱ्या डब्यातलं डिस्टिल्ड वॉटर घालत. तेही पूर्ण चार्ज झाल्यावरच, आणि खुणेपर्यंतच.

"पोट भरलं का बाई?" बुचं लावताना ते विचारत. सूनबाई मशीनवरून हसायची. "माझी कधी एवढी विचारपूस केली नाहीत, बाबा!"

"तू बोलून मागतेस. हिला बोलता येतं का?"

माझ्यावर कुणी इस्त्री लावली तर मात्र त्यांचा पारा चढे. पंखे, दिवे, शिलाई मशीन चालेल, इस्त्री लाइटवरच. ढगाळ दिवसांत ते टीव्हीही बंद करायला लावत. मी अर्ध्यापेक्षा जास्त रिकामी होऊ नये, एवढाच त्यांचा हट्ट. त्या जोरावर मी पहिली चार वर्षं ठणठणीत काढली. दुपारी लाइट गेली तरी मशीन थांबलं नाही.

पाचव्या वर्षी आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते चार महिने मुलीकडे राहायला गेले. जाताना माझं सगळं सूनबाईला समजावून गेले. तिनं लक्ष दिलं नाही असं मी म्हणणार नाही. पहिल्या महिन्यात तिनं खुणेपर्यंत पाणी घातलं, बुचं घट्ट लावली. त्यात डबा संपला.

पुढच्या वेळी सहापैकी दोन बुचांतले पाण्याची पातळी दाखवणारे तरंगते काटे लाल रेघेपाशी आले तेव्हा तिच्याकडे दोनशे गणवेशांचं काम होतं. शाळा आठ दिवसांवर उघडणार होती. नवरा ट्रक घेऊन लांब होता आणि डिस्टिल्ड वॉटर मिळायचं ते दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिनं रिकामा डबा उचलला, न्हाणीघरातल्या नळाखाली धरला, आणि भरला. "पाणी ते पाणीच," ती स्वतःशी म्हणाली. आमच्याकडचं नळाचं पाणी इतकं जड, की बादलीच्या कडांना पांढरा थर चढतो. ते माझ्या सहाही कप्प्यांत गेलं. डब्यात निम्मं उरलं. तिनं झाकण लावून डबा जागेवर ठेवला आणि मशीनवर जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत ती ते विसरूनही गेली.

मला मात्र ते लगेच जाणवलं. पोटात गेलेलं जेवण पचायचं नाही, तसं. भरलेली वीज आतल्या आत झिरपायला लागली.

आजोबा काठी टेकत परत आले आणि दुसऱ्याच दिवशी माझ्यापाशी बसले. पाणी थोडं कमी होतं. त्यांनी डबा घेतला, त्यावर त्यांच्याच अक्षरात 'डिस्टिल्ड' लिहिलेलं वाचलं, आणि उरलेल्यातलं बरंचसं माझ्यात ओतलं. सूनबाई तेव्हा छोटीला घेऊन बाहेर गेली होती.

दीड महिन्यात माझा दम निम्म्यावर आला. लाइट गेल्यावर चार तास चालणारं मशीन दोन तासांत बंद पडू लागलं. लख्ख ऊन असूनही आजोबांच्या नळीतला काटा वर येईना. तिसरा कप्पा हाताला गरम लागू लागला. त्यांनी सोलरवाल्याला बोलावलं.

त्यानं आकडे पाहिले, कप्पे हुंगले, मग खिशातून पाण्यातले क्षार मोजणारं पेनाएवढं एक यंत्र काढून डब्याच्या तळाच्या पाण्यात बुडवलं. त्यावरचा आकडा भराभर चढला.

"आजोबा, हे डिस्टिल्ड नाही. सरळ नळाचं पाणी आहे."

"शक्यच नाही."

"बघा ना. पुन्हा दाखवतो."

आकडा पुन्हा तेवढाच चढला. आजोबांनी डबा हातात घेऊन फिरवून पाहिला. सूनबाई दारात उभी होती, हातात कात्री तशीच. तिला सगळं आठवलं ते मी तिच्या तोंडावर पाहिलं. तिनं बोलायला ओठ उघडले. तेवढ्यात आजोबाच म्हणाले, "डबा माझा. अक्षर माझं. यातलं पाणी मीच घातलंय, या हातानं. भरलंही मीच असणार." आणि मग हळू आवाजात, "परवा चष्मा फ्रिजमध्ये सापडला मला. कुणाला सांगितलं नाही."

सूनबाईनं तोंड मिटलं.

तिला मी वाईट म्हणत नाही. त्या पहिल्या मिनिटात एक वाक्य पुरलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यासाठी चार वाक्यं लागली असती, आणि चौथ्या दिवशी इतके दिवस का बोलली नाहीस याचंही उत्तर द्यावं लागलं असतं. गोष्ट अंगाला चिकटते ती अशी.

मुलगा घरी आला तेव्हा त्याला हे कळलं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाबा, झालं ते झालं. यापुढे बॅटरीला हात लावू नका. गॅसही पेटवू नका. छोटीला शाळेतून आणायलाही हीच जाईल."

आजोबांनी मान हलवली. काचेची नळी रुमालात गुंडाळून सूनबाईच्या हातात दिली. वही दिली. त्या दिवसापासून ते खिडकीपाशी बसून राहू लागले. जेवायला बोलावलं की आधी विचारत, "मी जेवलो नाही ना आत्ताच?" छोटी मांडीवर चढायला आली की तिला अलगद उतरवून ठेवत. माझ्याकडे तर फिरकलेच नाहीत. आणि खरं सांगायचं तर त्यांना विसरायला होत होतं, पण फार थोडं. चष्मा, किल्ल्या, एखाद्याचं नाव. बाकीचं सगळं त्या दुपारपासून सुरू झालं, आपण आता भरवशाचे राहिलो नाही हे त्यांनी मान्य केल्यापासून.

अकराव्या दिवशी दुपारी सूनबाई माझ्यापाशी बसली होती. कुठल्या कप्प्याचा आकडा कुठे लिहायचा ते तिला जमत नव्हतं. आजोबा काठी टेकत आले आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले. मला वाटलं, दुरुस्त करतील. पण ते म्हणाले,

"पोरी, एक काम करशील? न्हाणीघरातलं फिनेल वरच्या फळीवर ठेव. माझा हात पोचणार नाही असं."

"का हो बाबा?"

"बॅटरीत नळाचं पाणी घातलं, हरकत नाही, निर्जीव वस्तू आहे. उद्या छोटीनं पाणी मागितलं आणि मी भलतंच काही दिलं तर? मला रात्रभर तेच दिसतं."

सूनबाईच्या हातातली नळी फळीवर आपटली. फुटली नाही, नशीब.

"बाबा, तुम्ही नाही भरलंत ते." ती म्हणाली. "मी भरलं. गणवेशांच्या गडबडीत डबा संपला, मी नळाखाली धरला. एकदा मीच घातलं आणि उरलेलं ठेवून दिलं. तुम्ही आल्यावर तेच घातलंत. तुमची काही चूक नाही. मला त्या दिवशीच बोलायचं होतं, आणि मग… मग बोलताच येईना."

आजोबांची मूठ काठीवर आवळली. मला वाटलं, आता काठी उगारतात.

"मग मी नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा."

"नक्की मी नाही?"

"तुमच्या पाया पडते, तुम्ही नाही."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. सूनबाई घाबरून उठली, पण ते हसत होते की रडत होते ते त्यांनाच ठाऊक. हात काढले तेव्हा डोळे लाल होते आणि आवाज मात्र जुना, बॅटरी रूममधला.

"अकरा दिवस! अकरा दिवस मी स्वतःला वेडा समजत बसलो! आणि या बॅटरीच्या पोटात ते पाणी तसंच सडतंय! अक्कल कुठे गहाण ठेवली होतीस? ऊठ, सोलरवाल्याला फोन लाव. आणि तो आकडा चुकीच्या रकान्यात लिहिलायस, खोड तो."

ती रडतारडता हसली. आधी नवऱ्याला फोन लावला, आजोबांच्या समोरच, आणि त्यालाही सगळं सांगितलं.  पलीकडून तो एवढंच म्हणाला, "बाबांना फोन दे." त्यांचं काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र छोटी आजोबांचं बोट धरून शाळेतून आली.

सोलरवाल्यानं माझ्यातलं ॲसिड काढलं, कप्पे डिस्टिल्ड वॉटरनं दोनदा खळबळून घेतले, नवं ॲसिड भरलं. मग दोन दिवस सलग, सावकाश चार्जिंग. मी पहिल्यासारखी झाले नाही. तिसरा कप्पा कायमचा अधू राहिला. पण तीन तास मशीन ओढू लागले. त्यानंतर माझी तपासणी दोघं मिळून करत. आजोबा पायरीवर बसून सांगत, सूनबाई नळीतला काटा वाचे. सहा महिन्यांत ती इतकी तयार झाली, की गल्लीतल्या बायका आपल्या बॅटऱ्या दाखवायला तिला बोलावू लागल्या. "पाणी कुठलं घालता?" हा तिचा पहिला प्रश्न.

त्याला तीन वर्षं होत आली. आजोबांचा विसराळूपणा पुढे खराच वाढला. तो कुणाच्या कबुलीनं थांबणारा नव्हता. आता ते कधीकधी मुलालाही 'साहेब' म्हणतात. पण घरात काही बिघडलं, हरवलं, सांडलं, तर ज्यानं केलं तो आपणहून येऊन सांगतो. छोटीसुद्धा.

माझे दिवसही भरले. आज सकाळी सोलरवाला एका मदतनिसाला आणि नवी बॅटरी घेऊन आला. माझ्या तारा सोडल्या, आणि दोघांनी मला उचलून दारापर्यंत आणलं. दारात आजोबा खुर्चीवर बसले होते.

"कुठे नेताय हिला?"

सोलरवाला सूनबाईकडे बघून हळूच म्हणाला, "दुरुस्तीला नेतोय म्हणून सांगा. त्यांना कुठे कळतंय आता."

सूनबाई त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "बाबा, बाई संपली आपली. भट्टीत नेतायत वितळवायला. तिच्या शिशाची नवी बॅटरी होणार."

आजोबांनी माझ्या झाकणावर हात ठेवला. समोर बसलेली सूनबाई कोण, हे त्यांना त्या क्षणी ठाऊक होतं की नाही, सांगता येत नाही. पण बोटं एकेका बुचावरून फिरली आणि चौथ्यापाशी थांबली.

"हे सैल आहे," ते म्हणाले. "आवळा. वाटेत सांडेल, कुणाचा हात भाजेल."

सूनबाईनं बूच आवळलं.

चला, निघते. तुमच्या घरातही जिन्याखाली माझी एखादी बहीण असेल, तिच्या पाण्याकडे लक्ष ठेवा. आणि कुणी विसरायला लागलेलं माणूस असेल, तर घरातल्या साऱ्या चुका त्याच्या नावावर जाऊ देऊ नका. आम्हा दोघांनाही आपली बाजू मांडता येत नाही.