कुंकवाची बाजू

गुरप्पाच्या मते जगात माणसं दोनच जातीची. मोटार चालवणारी आणि मोटारीत बसणारी. मोटार तपासणाऱ्यांना कशात धरायचं, हे त्याचं अजून ठरलं नव्हतं. माणसांत धरायचं का, इथपासूनच घोळ होता.

साल चौऱ्याहत्तर. सोलापूर-कुंभारी फेऱ्या मारणारी त्याची टॅक्सी त्याच्याहून दोन वर्षांनी थोरली. आज पास मिळाला नाही तर परवाना बाद, आणि परवाना गेला की गाडी भंगारात. भंगारवाला रावजी सकाळीच येऊन बॉनेटवर टिचकी मारून गेला होता, बाजारात मडकं बघावं तशी.

तपासणीची कचेरी टेकाडावर, आणि गुरप्पाची गाडी चढ उलटा चढायची. त्यात गूढ काही नव्हतं. टाकी सीटखाली, पेट्रोल आपल्या वजनानं इंजिनात उतरायचं. गाडीनं नाक वर केलं की टाकी खाली जायची आणि इंजिन तहानेनं मरायचं. म्हणून गुरप्पा रिव्हर्स टाकून, मान मागं वळवून, ढुंगणाकडून टेकाड चढला. बायको ईरम्मा शेजारी बसली होती. नवऱ्यानं साहेबाला शिव्या देऊ नयेत एवढ्याचसाठी आलेली. वर पोचताच तिनं उडी मारून चाकाखाली दगड सरकवला.

नवे इन्स्पेक्टर चिकटे साहेब नियमांचं पुस्तक छातीशी धरून उभेच होते. त्यांनी भोंगा दाबला. आरशात स्वतःचा भांग पाहिला. दिव्यांच्या काचांच्या वरच्या अर्ध्या भागावरचा काळा रंग फूटपट्टीनं मोजला. दगड ओलांडून पलीकडं गेले आणि तांबड्या शाईनं लिहिलं, ‘नापास.’

“का वो साहेब?”

“पुढे पांढरा दिवा, मागे तांबडा, असा नियम आहे. तू आलास तेव्हा पुढे तांबडा होता.”

“आवं, ती मागची बाजू हाय की गाडीची!”

“गाडी जाते ती पुढची बाजू. लहान पोराला कळतं.”

गुरप्पानं तोंडात आलेलं गिळलं. पान्हा काढला, घाम गाळत काचा बदलल्या. पांढरीच्या जागी तांबडी, तांबडीच्या जागी पांढरी.

“शाब्बास,” साहेब म्हणाले. “आता उतरताना पुढे तांबडा दिसेल. नापास.”

गुरप्पानं काचा परत होत्या तशा बसवल्या. आता पान्ह्याचा दुसरा काही उपयोग होतो का, याचा विचार करत तो उभा राहिला. ईरम्मानं पान्हा काढून घेतला.

“साहेब, तुमची मंडळी कुंकू कुटं लावतात?”

“कपाळावर. का?”

“देवाला पाठ नको म्हणून गाभाऱ्यातनं मागं मागं येतात की न्हाय? तवा पाठीवर लावतात व्हय?”

साहेबांनी पुस्तक उघडलं. भोंगा होता, आरसा होता, दिवे होते. कुंकू मात्र कुठंच नव्हतं. पुस्तकात नाही अशी गोष्ट डोक्यात यायची ही त्यांची पहिलीच वेळ असावी. मग त्यांनी सावकाश लिहिलं, ‘वाहनाची पुढील बाजू: कुंकवाची.’

आणि मान वर केली. “पण या गाडीचं कुंकू कुठे आहे?”

ईरम्मानं कनवटीची कुंकवाची पुडी सोडली आणि दोन पांढऱ्या दिव्यांच्या मधोमध ठसठशीत बोट टेकवलं.

“पास,” साहेब म्हणाले आणि शिक्का मारला.

ईरम्मानं दगड काढला, टुणकन आत बसली. गाडी सरळ तोंडानं उतरणीला लागली. रांगेत आता रोड रोलरचा नंबर होता. तो पुढंही जातो, मागंही जातो. साहेब त्याच्याभोवती दोन फेरे मारून उतरणीकडं धावत सुटले.

“ओ बाई! थांबा! ती पुडी इथेच ठेवून जा!”

गुरप्पानं भिडेखातर ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. ते तेवढं तपासायचं साहेबांचं राहूनच गेलं होतं.